दवंडी, भोंगा आणि उद्घोषणा: सार्वजनिक जागेत सूचना कशी पोहोचते

आत्ता माईक चालू केला तेव्हा जी कर्कश्श शिट्टी वाजली, तिने निम्म्या लोकांनी कानावर हात ठेवले. त्याबद्दल आम्ही माफी मागणार नाही, कारण आजचा विषय तिथूनच सुरू होतो. शिट्टी सगळ्यांना ऐकू आली. त्यानंतर "पुढच्या खुर्च्या मोकळ्या आहेत, पुढे या" असं आम्ही दोनदा म्हणालो, आणि मागच्या रांगेतलं कुणीही हललं नाही. म्हणजे आवाज पोहोचला, शब्द नाही पोहोचले. आवाज पोहोचणं आणि सूचना पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेशन असो, दवाखाना असो, आश्रमशाळा असो, माणसं वेळेवर बाहेर पडतात की नाही हे बऱ्याचदा या फरकावर ठरतं. आपण हा फरक इतिहासातून बघू, आणि शेवटी पुन्हा या सभागृहात येऊ.

आपल्या आटगावपासूनच सुरुवात करू. मुंबईहून रेल्वे १८५३ साली ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला, आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत पोचली. घाट चढून इगतपुरीला जायला तिला १८६५ उजाडलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या शहापूर तालुक्यातल्या माणसांना एक नवीन गोष्ट शिकावी लागली: वेळेची सूचना घंटेवरून ओळखणं. त्याआधी सूचना म्हणजे दवंडी.

दवंडीकडे आपण जरा गंमत म्हणून बघतो, सिनेमातला तो ढोलकं वाजवणारा माणूस. पण तिची रचना नीट बघा. आधी हलगी किंवा डफ वाजतो. त्याला अर्थ काही नाही, फक्त "हातातलं काम थांबवा" एवढंच. मग "ऐका हो ऐका" अशी हाक. मग हुकूम कुणाचा ते. मग मजकूर, तोही एका दमात सांगता येईल एवढाच. आणि मग तो माणूस चालत पुढच्या आळीत जाऊन हेच सगळं पहिल्यापासून म्हणतो. आज युरोपातल्या किंवा आपल्याकडच्या मोठ्या इमारतीत आगीची बोलकी सूचना बसवतात, तिचा क्रम हाच असतो: लक्ष वेधणारा सूर, थोडी शांतता, मजकूर, पुन्हा सूर, पुन्हा मजकूर. आणि दवंडीवाला जसा एका ठिकाणी उभा राहून जिवाच्या आकांताने ओरडत नव्हता, आळीआळीत जाऊन साध्या आवाजात सांगत होता, तसंच आजचे जाणकारही सांगतात की एक मोठा भोंगा लावण्यापेक्षा लहान लहान स्पीकर जागोजागी लावा.

पण दवंडीची दुसरी बाजूही सांगायला हवी. दवंडी देण्याचं काम गावाप्रमाणे महार किंवा मांग समाजातल्या माणसाच्या वाट्याला यायचं. मयताची खबर परगावी पोचवणं, सरकारी हुकूम गावभर ओरडून सांगणं, हे सगळं वतनाच्या नावाखालचं राबणं होतं. आवाज त्याचा, हुकूम दुसऱ्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, आणि ही वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल लागलं. हे आम्ही अशासाठी सांगतोय की जो माणूस बोलतो त्याला स्वतःच्या डोक्याने मजकूर बदलायचा अधिकार आहे का, हा प्रश्न दवंडीच्या काळापासूनचा आहे. तो आजच्या उद्घोषणा कक्षातही शिल्लक आहे. थोड्या वेळाने बघू.

घंटेची गोष्ट वेगळी. लहान स्टेशनांवर आणि शाळांमध्ये रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, लोखंडी दांड्याने ठोकायचा. किती टोल म्हणजे काय, हे रोज येणाऱ्याला पाठ असायचं. गिरणगावातल्या भोंग्याचंही तेच. तो वाजला की कुणाला समजावून सांगावं लागत नसे, पाळीचं घड्याळच होतं ते. बिनशब्दांची खूण उत्तम काम करते, पण एका अटीवर: ऐकणाऱ्याला तिचा अर्थ आधीच माहीत हवा, आणि त्या खुणेचा एकच अर्थ हवा.

ही अट मोडली की काय होतं? आमच्यातले एक जण शिक्षक होते. त्यांच्या शाळेत एकदा आगीची तालीम ठरली. घंटा लांबलचक वाजवायची आणि मुलांनी मैदानात यायचं. घंटा वाजली. मुलांनी दप्तरं भरली, चपला घातल्या आणि निम्मी मुलं फाटकाबाहेर, घराच्या वाटेला. कारण लांब घंटा म्हणजे शाळा सुटली, हे त्यांना पहिलीपासून माहीत होतं. उरलेल्या मुलांना शिक्षकांनी वर्गात बसवून ठेवलं, कारण त्यांच्या घड्याळात अजून साडेतीनच वाजले होते. हसू येतं, पण खरोखर धूर असता तर?

या प्रश्नावर एक प्रयोग प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराच्या भुयारी रेल्वेत मॉन्युमेंट नावाचं स्टेशन आहे. तिथे गिलेन प्रू आणि जोनाथन साइम या दोघा अभ्यासकांनी स्टेशन रिकामं करण्याच्या तालमी वेगवेगळ्या पद्धतींनी घेतल्या, आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. फक्त घंटा वाजवली तेव्हा लोक फलाटावर गाडीची वाट बघत उभेच राहिले. स्टेशन रिकामं व्हायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागली. पण कॅमेऱ्यात बघून, कुठे काय झालंय आणि कुणी कुठल्या वाटेने जायचं हे माईकवरून सांगितलं, तेव्हा हेच काम सहाएक मिनिटांत झालं. त्यांच्या लेखाचं नावच सवाल करणारं होतं: घबराट टाळायची आहे, तर लोकांना खरं का सांगत नाही?

हा प्रश्न त्यांना पडला कारण १९८७ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्टेशनात आग लागून ३१ माणसं गेली होती. चौकशीत जी त्रुटी नोंदली गेली त्यात हीही होती की स्टेशनात उद्घोषणेची सोय असून ती वापरली गेली नाही. अधिकाऱ्यांच्या मनात कायमची एक भीती असते: "सांगितलं तर पळापळ होईल." आमचं वाचन असं सांगतं की बहुतेक वेळा उलटं घडतं. माणसं घाबरून धावतात त्यापेक्षा खूप जास्त वेळा ती विश्वास न बसल्याने थांबतात. बॅग आवरतात, शेजाऱ्याला विचारतात, फोन लावतात. जीव जातो तो या चार मिनिटांत.

आता स्पीकरकडे. १९१५ मध्ये अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी मोठा आवाज करणारं यंत्र लोकांसमोर आणलं. आपल्याकडे १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांत आणि सभांत ध्वनिक्षेपक दिसू लागले. मुंबईच्या शिकागो रेडिओ या कंपनीचं आणि तिच्या नानिक मोटवाने यांचं नाव त्या काळाशी जोडलेलं आहे. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांसोबत मोटवानेही आरोपी होते, पुढे ते निर्दोष सुटले. म्हणजे आपल्याकडे ध्वनिक्षेपक आला तो चळवळीचं हत्यार म्हणून, भाषणासाठी. मग तंबूतल्या सिनेमासाठी, मग लग्नासाठी, मग उत्सवासाठी. धोक्याची सूचना हा त्याचा उपयोग आपल्या डोक्यात कधी पहिला आलाच नाही. आम्हाला वाटतं, आजही एखाद्या ग्रामपंचायतीने किंवा संस्थेने साउंड सिस्टीम घ्यायची ठरवली की पहिला प्रश्न "किती वॅटची?" असा असतो, याचं मूळ इथे आहे. किती दूर जाईल हे विचारतात. शब्द कळेल का, हे कुणी विचारत नाही.

स्टेशनवरच्या उद्घोषणेने मात्र मुंबईकराच्या आणि कसारा लाइनवरच्या माणसाच्या कानाला वळण लावलं. सरला चौधरी यांचा आवाज १९८० च्या दशकापासून मध्य रेल्वेवर आणि पुढे देशभर ऐकला गेला. आपण तो आवाज ऐकतो असं म्हणणंही खरं नाही, तो आपल्या अंगात मुरलाय. "फलाट क्रमांक" एवढं कानावर पडलं की पुढचा आकडा आपण आपोआप टिपतो, बाकीचं सोडून देतो. ही सवय ही मोठी ठेव आहे. संकटाच्या वेळी अनोळखी जागेतून, अनोळखी पद्धतीने आलेल्या सूचनेवर माणूस विश्वास ठेवायला वेळ लावतो. रोजच्या आवाजावर लगेच ठेवतो.

याचा आपल्या माहितीतला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. तेव्हाचं छत्रपती शिवाजी टर्मिनस, आपल्या कसारा लोकलचं सुरुवातीचं स्टेशन. आटगाव-आसनगावची किती माणसं तिथून रात्रीची गाडी पकडतात हे तुम्हाला सांगायला नको. रात्री साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास दोन दहशतवादी लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूच्या दालनात शिरले आणि त्यांनी गोळीबार सुरू केला, हातबॉम्ब फेकले. त्या स्टेशनात ५८ माणसं मारली गेली.

त्या वेळी उपनगरी गाड्यांच्या बाजूला, उद्घोषणा कक्षात विष्णू झेंडे कामावर होते. हा कक्ष उंचावर, काचेचा. तिथून खालचा परिसर दिसतो. आधी स्फोटासारखा आवाज आला. काय झालंय ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी पोलिसांना तिकडे जायची सूचना दिली. मग हत्यारबंद माणसं दिसली, आणि झेंडेंनी लोकलमधून उतरणाऱ्या प्रवाशांना सांगायला सुरुवात केली की मुख्य दालनाकडे जाऊ नका, फलाट क्रमांक एकच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. मराठीत आणि हिंदीत, पुन्हा पुन्हा. हल्लेखोरांनी कक्षाच्या दिशेनेही गोळ्या झाडल्या. त्यांनी जागा सोडली नाही. लोकल येत होत्या, माणसं उतरत होती, आणि ती भरलेल्या दालनाकडे न जाता मागच्या बाजूने बाहेर निघून गेली. पुढे झेंडे रेल्वेत गार्ड झाले.

त्यांच्या धैर्याबद्दल खूप लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण आम्हाला इथे जरा थांबून दुसरं काही बघायचंय: हे जमलं कशामुळे? पहिलं, बोलणाऱ्या माणसाला दिसत होतं. उद्घोषणा कक्ष तळघरात किंवा दहा किलोमीटरवरच्या कुठल्यातरी नियंत्रण कक्षात असता तर नुसत्या धाडसाचा काय उपयोग होता? दुसरं, त्यांना इमारत पाठ होती. मागची वाट आहे, ती उघडी आहे, ती कुठे निघते, हे नकाशा काढून बघावं लागलं नाही. तिसरं, त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. दवंडीवाल्याला जो अधिकार नव्हता, मजकूर स्वतः ठरवण्याचा, तो त्या रात्री त्यांनी घेतला. आणि चौथं, ऐकणाऱ्यांचे कान त्या कक्षातून येणाऱ्या आवाजावर रोज विश्वास ठेवत होते. "फलाट क्रमांक एक" हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते.

हीच गोष्ट १९७७ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या एका मोठ्या क्लबच्या आगीत दिसते. वॉल्टर बेली नावाचा अठरा वर्षांचा पोरगा, तिथे टेबलं आवरण्याचं काम करणारा. मोठ्या दालनात कार्यक्रम चालू होता. तो सरळ रंगमंचावर गेला, माईक घेतला, बाहेर जायची दारं हाताने दाखवली आणि सगळ्यांना निघायला सांगितलं. त्या आगीत १६५ माणसं गेली. तो बोलला नसता तर आकडा कुठे गेला असता सांगता येत नाही. काहींना वाटलं की हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि ते बसून राहिले. इथेही तेच: हुद्दा लहान, पण दारं माहीत होती.

आता उलट बाजू. २९ सप्टेंबर २०१७, सकाळी साडेदहाच्या सुमारास, एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणारा अरुंद पादचारी पूल. जोराचा पाऊस, लोक जिन्यावर थांबलेले, मागून गाड्यांमधून माणसांची भर. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. तेव्हा वर्तमानपत्रांत एक गोष्ट छापून आली, की एका जखमी मुलीने चौकशीत सांगितलं: कुणीतरी हिंदीत "फूल पडलं" असं ओरडलं, आणि लोकांनी "पूल पडला" असं ऐकलं. रेल्वेच्या चौकशीने कारण दिलं ते मुख्यतः पावसाचं आणि गर्दीचं. आम्हीही त्या एका आरोळीवर सगळं ढकलत नाही. पूल अरुंद होता, हे खरं कारण. पण ही आरोळी आपल्या विषयासाठी विसरण्यासारखी नाही. 'फ' आणि 'प'. एका व्यंजनाचा फरक.

इथे थोडं ध्वनिशास्त्र करू, घाबरू नका. आपल्या बोलण्यात स्वर दणकट असतात, व्यंजनं नाजूक. 'ऊ' लांब टिकतो, 'फ' म्हणजे नुसता वारा, क्षणभर. गोंगाटात किंवा घुमणाऱ्या जागेत आधी व्यंजनं मरतात. आणि अर्थ तर व्यंजनांतच असतो! आवाज वाढवला की स्वरही वाढतात, ते भिंतींवर आपटून परत येतात आणि पुढच्या शब्दाच्या व्यंजनावर बसतात. म्हणून घुमणाऱ्या हॉलमध्ये आवाज वाढवला तर कळणं कमी होतं. आपले जुने कीर्तनकार हे जाणून होते. दगडी सभामंडपात ते ओळ सोडतात, टाळकरी ती उचलतात, घुमार विरतो, मग पुढची ओळ.

शब्द किती कळतात हे मोजायची पद्धत नेदरलँड्समधल्या हौटगास्ट आणि स्टेनेकेन या दोघांनी १९७० च्या दशकात बसवली. शून्य ते एक असं माप. धोक्याच्या सूचनेसाठी साधारण अर्धा, म्हणजे ०.५, तरी हवा असं पुढे मानकांत रूढ झालं. आज मोबाइलवरही ते अंदाजे मोजता येतं. किती वॅटची सिस्टीम हे विचारण्याऐवजी ठेकेदाराला हा आकडा विचारा, बघा तो कसा चपापतो.

आता एक खास आपल्या भाषेतली अडचण. मराठीत नकार शेवटी येतो. "पुढे जाऊ नका." यातलं "नका" पावसात, गाडीच्या आवाजात गेलं, तर काय उरलं? "पुढे जाऊ..." तिसऱ्याने ते "पुढे जा" असं सांगितलंच म्हणून समजा. इंग्रजीत नकार आधी येतो, त्यामुळे त्यांच्या नमुन्यांवरून शब्दशः भाषांतर केलेल्या सूचना आपल्याकडे फसतात. "लिफ्टचा वापर करू नये" हे शुद्ध आहे, पण "जिन्याने उतरा" हे वाचवणारं आहे. झेंडेंच्या सूचनेतही काम केलं ते दुसऱ्या अर्ध्याने: फलाट एक, मागची बाजू, बाहेर पडा. कुठे जायचं ते सांगा. आणि डावं-उजवं सांगू नका, कारण तुमचं डावं ते माझं उजवं. "पिंपळाकडच्या फाटकाने", "पाण्याच्या टाकीकडे" असं सांगा.

भाषेचाच दुसरा मुद्दा. आपल्या तालुक्यात आणि मुरबाडमध्ये ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी वस्त्या आहेत. आश्रमशाळांत रात्री झोपणारी मुलं तिथलीच. "आपत्कालीन निर्गमन मार्गाचा अवलंब करावा" ही सूचना मुंबईतल्या साहेबालाही दोनदा ऐकावी लागेल. सात वर्षांच्या, झोपेतून उठलेल्या पोराला ती काय सांगणार? त्याला त्याच्या रोजच्या बाईंचा किंवा गुरुजींचा आवाज हवा आणि दोन शब्द हवेत: "मैदानात चला."

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम २००६ सालचा आहे. इमारतमालकाने किंवा वापरणाऱ्याने यंत्रणा बसवायची आणि चालू ठेवायची, ही जबाबदारी त्यात आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत मोठ्या आणि उंच इमारतींसाठी बोलक्या सूचनेच्या यंत्रणेची अपेक्षा आहे. आणि गंमत बघा, ज्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचं नाव आपण उत्सवात ऐकतो, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, त्यातही सार्वजनिक आणीबाणीला सूट आहे. म्हणजे रात्री दोन वाजता धोका सांगायला माईक हातात घेतला तर कायदा आड येत नाही. आड येतं ते कपाटाचं कुलूप. किती ठिकाणी माईक आणि अँप्लिफायर मुख्याध्यापकांच्या किंवा सचिवांच्या कपाटात बंद असतो, आणि किल्ली त्यांच्या घरी!

दवाखान्यांचं गणित आणखी वेगळं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सतरापैकी दहा बाळं गेली, सात वाचवता आली. तिथे "शांतपणे बाहेर पडा" ही सूचना कुणाला देणार? बाळ चालत नाही. म्हणून दवाखान्यात सूचना आधी कर्मचाऱ्यांना जाते: कुठला कक्ष, कुणी धावायचं, रुग्ण कुठल्या शेजारच्या सुरक्षित भागात हलवायचे. तिथली आखणी करताना स्पीकर कुठे लावायचा याआधी, रात्रपाळीला किती माणसं असतात, हे विचारायला हवं. हा भाग खरं तर एका स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

धरणांकडे एक नजर टाकू, कारण आपण पाण्याखाली राहणारी माणसं आहोत. म्हणजे धरणांच्या खालच्या अंगाला. तानसा धरण १८९२ मध्ये पुरं झालं, मुंबईच्या तहानेसाठी. भातसा नंतरचं. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागलं किंवा दरवाजे उघडायचे ठरले की नदीकाठच्या गावांना इशारा जातो. तहसील, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल अशी ती साखळी. भोंगा वाजतो तो खाली नदीत मासे धरणाऱ्याला, गुरं उतरवणाऱ्याला ऐकू यावा म्हणून. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर सरकारने चाचणीचा इशारा पाठवला तो आठवतोय? एकदम भसाडा आवाज आणि पडद्यावर मजकूर. चांगली सोय आहे. पण जिथे रेंज नाही त्या पाड्यावर शेवटचा टप्पा अजून माणसाच्या पायाने आणि गळ्यानेच पार पडतो. आम्ही तरी कोतवालाची हाक मोडीत काढायच्या विरुद्ध आहोत.

आता या सभागृहाकडे. वर पत्रे आहेत. आज पाऊस नाही म्हणून तुम्ही आम्हाला ऐकताय. जुलैत या पत्र्यावर सर आली की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. सूचनेचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा साधारण दहा डेसिबलने तरी वर हवा. म्हणून चाचणी जानेवारीत घेऊन उपयोग नाही, भर पावसात घ्या. ते दोन मोठे भोंगे, दोन्ही व्यासपीठाच्या बाजूला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, त्यामुळे पुढच्यांच्या कानठळ्या आणि मागच्यांना गुणगुण. त्याऐवजी भिंतीवर बाजूबाजूने सहा-आठ लहान स्पीकर, खाली लोकांकडे तोंड केलेले. त्यातले एक सोडून एक वेगळ्या तारेवर, म्हणजे एक तार जळली तरी निम्मे बोलतील. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून स्टेशनच्या फलाटासारख्या लांब जागेत लांबचा स्पीकर उशिरा ऐकू येऊन शब्दावर शब्द चढतो, तिथे तर लहान आणि जवळ जवळ लावणं आणखी गरजेचं. बॅटरी हवी. आपल्याकडे आगीच्या वेळी पहिल्यांदा वीज जाते, आणि वीज तर आगीशिवायही जाते. युरोपातली रूढ पद्धत म्हणजे वीज गेल्यावर यंत्रणा चोवीस तास तयार राहील आणि त्यानंतरही अर्धा तास बोलेल.

खर्च विचाराल तर आम्ही आकडा सांगणार नाही, जागेप्रमाणे बदलतो. पण यातल्या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत. माईक कपाटाबाहेर ठेवणं. सूचनेचा मजकूर आजच, शांत डोक्याने, आपल्या बोलीत कागदावर लिहून भिंतीला लावणं, जेणेकरून चहावाला पोरगाही तो वाचून बोलू शकेल. आणि बोलणाऱ्याला दारं माहीत असणं.

या शेवटच्या गोष्टीसाठी आज आम्ही तासभर आधी आलो आणि सभागृहाला एक फेरी मारली. दोन दारं आहेत. एक तुम्ही आलात ते. दुसरं तिकडे, पडद्याच्या मागे, स्टेशनच्या रस्त्याला निघतं. त्याला कुलूप आहे आणि पलीकडून खुर्च्यांची चळत लावलीय. किल्ली कुणाकडे आहे, असं आम्ही तिघांना विचारलं, तिघांनी तीन नावं सांगितली. त्यातले एक काका इथे बसलेत, हात वर करतायत. काका, प्रश्नोत्तरं सुरू करायच्या आधी तेवढं उघडून देता का? आणि त्या बाजूच्या दोघा-तिघांनी जरा खुर्च्या हलवायला मदत करा.